पावशी माळ्यावर का गेली?

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५९. साडेचार एकर कोरडवाहू शेती, मुलाचं तालुक्याला कृषी केंद्र, सून नागपूरची. तीन वर्षांपूर्वी जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, त्यात ओट्याचं स्वयंपाकघर आलं. नातू अकरा महिन्यांचा आहे, आता धरून उभा राहतो. ताईंचं दुखणं त्यांच्याच शब्दांत (पावशी म्हणजे विळी) : "चाळीस वर्सं ज्या पावशीवर चिरलं, ते सुनेनं माळ्यावर ठेवून देल्ली. मले विचारलंबी नाही. ते ओट्यापाशी उभी राहून सुरीनं चिरते. मी खाली बसून चिरतो म्हटलं तर म्हन्ते, आई, तुमचे गुडघे दुखतात, राहू द्या."

दुसरी गोष्ट सुनेच्या बहिणीच्या लग्नातली. नागपूरला बफे होता, ताटासोबत काटा आणि चमचा. काट्यानं पोळी तुटेना, सगळे आपल्याकडेच पाहताहेत असं वाटलं. सून जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, हातानं जेवा, काही होत नाही." ताई लिहितात, "ते मले लय लागलं." पुढच्या महिन्यात नातवाचं जावळ आहे, नागपूरचे व्याही-विहीण येणार. पावशी खाली आणावी का, व्याह्यांसमोर काटे-चमचे मांडावेत का आणि या वयात सुरी-काटा धरायला शिकावं का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई,

नातू आता धरून उभा राहतो, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि मी तिथेच थांबले. पावशी माळ्यावर कधी गेली, ते मात्र पत्रात नाही. जरा आठवून पाहा. बाळ पालथं पडायचं तेव्हा ती खालीच होती का? ते रांगायला लागलं त्याच सुमाराला वर गेली का? ओट्याचं स्वयंपाकघर होऊन तीन वर्षं झाली. तुमची पावशी सुनेला डोळ्यांसमोर नकोच असती, तर ती केव्हाच वर गेली असती.

माझा अंदाज चुकीचाही असेल. पण तो का आला ते सांगते. माझ्या धाकट्या भावाच्या तळहातावर, अंगठ्याच्या खाली, एक पांढरी रेघ आहे. तेव्हा तो दीड वर्षाचा होता. आई पावशीवर चवळीची भाजी चिरत बसली होती. चुलीवरचं दूध वर आलं म्हणून उठली, भांडं उतरवलं आणि वळली. तेवढ्या वेळात त्यानं उभं पातं मुठीत धरलं होतं. आधी तो रडलासुद्धा नाही, नुसता हाताकडे पाहत राहिला. त्या दिवसानंतर आई पावशीवरून कधीही उठली, तरी पावशी आडवी करून, पातं भिंतीकडे वळवूनच उठली. घरात लहान मूल नसतानाही. म्हातारपणी एकटी राहायची, तेव्हाही.

पावशीचं पातं उभं असतं आणि रांगणाऱ्या मुलाचं तोंड बरोबर त्याच उंचीवर येतं. आपली मुलं नाही का पावशीजवळच वाढली, असं तुम्ही म्हणाल. वाढली, खरंच. पण तेव्हा घरात आजी असायची, जाऊ असायची, एखादी नणंद माहेरी आलेली असायची. मूल कुणाच्या तरी कडेवर असायचं. आज दिवसभर घरात तुम्ही दोघीच, त्यात एकजण शेतात गेली की उरली एकच.

म्हणून पावशी खाली आणायच्या आधी सुनेला एक विचारा : "बाळाच्या भीतीनं वर ठेवली का गं?" पहिल्यांदा तरी एवढंच विचारा. "मले विचारलं नाही" हे त्या वाक्याला जोडू नका, ते नंतर बोलता येईल. ती "हो" म्हणाली, तर तुमचं निम्मं दुखणं तिथेच हलकं होईल. ती दुसरं काही म्हणाली, तरी खरं काय ते कळेल. आज तुम्ही फक्त अंदाजावर झुरताय.

तिची चूक मात्र मी झाकणार नाही. न विचारता ठेवली, हे चुकलंच. पावशी म्हणजे नुसतं भाजी चिरायचं हत्यार नाही, हे नागपूरच्या मुलीलाही कळायला हवं होतं. खंडेनवमीला आपण विळा, खुरपं, कुऱ्हाड यांच्या रांगेत पावशी मांडतो, हळदकुंकू वाहतो. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, म्हणून त्या दिवशी ती धुऊन बाजूला ठेवतो. वर्षात जिला पूजा आहे आणि सुट्टीही आहे, अशी वस्तू माळ्यावर गेली की बाईला आपणच माळ्यावर गेल्यासारखं वाटतं. हे सदर वाचणाऱ्या सुनांना मी हात जोडून सांगते : सासूच्या हाताखालची वस्तू हलवायची असेल, तर आधी कारण सांगा. "आई, बाळ उभं राहायला लागलंय, पावशी कुठे ठेवू या?" एवढ्या एका वाक्यानं हे सगळं पत्र टळलं असतं.

आता पावशी चांगली की सुरी? या भांडणात दोन्हीकडचे लोक अर्धंच पाहतात.

माझी आई सांबार चिरायची ते डोळ्यांपुढे आणते. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) निवडलेली जुडी डाव्या मुठीत घट्ट, मुठीतून बोटभरच बाहेर. उजवा हात पात्यापलीकडून ती टोकं धरायचा आणि दोन्ही हात मिळून जुडी पात्यावर लोटायचे. हिरवा चुरा खालच्या परातीत पडायचा, मूठ कणाकणानं पुढे सरकायची. एक पाय पाटावर दाबलेला. नजर पात्यावर नसायचीच, ती आमच्याशी बोलत असायची. पावशीत पातं जागेवर असतं आणि भाजी फिरते. दोन्ही हात भाजीवर असल्यामुळे किती जोर लावायचा ते बोटांनाच कळतं. म्हणून पालेभाजी, आंबाडी, गवार, वालाच्या शेंगा, कोहळ्याच्या (म्हणजे लाल भोपळ्याच्या) मोठ्या फोडी या कामांत अजूनही पावशीचा हात कुणी धरत नाही. बंगालात तिला बोटी म्हणतात, गडचिरोली ओलांडून तेलंगणात गेलात तर कत्तीपीटा. एवढ्या मोठ्या मुलखातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या ठेवलेलं हत्यार गावंढळ कसं असेल?

पण एक गोष्ट बदलली, ती तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत. चूल जमिनीवर होती म्हणून स्वयंपाक जमिनीवर होता. पाट, पावशी, परात, पाटा-वरवंटा सगळं बसल्या हाताला यायचं. मग गॅस आला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, तसा तो खेड्यांतल्या आणखी कितीतरी घरांत पोचला. शेगडी ओट्यावर चढली, मिक्सर ओट्यावर चढला. पावशी तेवढी खालीच राहिली. आता भाजी चिरायला खाली बसायचं, फोडणीला उठायचं, मीठ विसरलं म्हणून पुन्हा उठायचं. साठीच्या गुडघ्यांनी हे दिवसातून किती वेळा करायचं? गुडघ्यांची झीज असली की मांडी घालून किंवा उकिडवं बसणं कमी करा, असं डॉक्टर सांगतात. गुडघा पूर्ण दुमडला की सांध्यावर फार दाब येतो, आणि उठताना तो सगळा भार पुन्हा त्याच सांध्यावर. सुनेचं "राहू द्या" तुम्हाला "तुम्ही बाजूला व्हा" असं ऐकू आलं. ती गुडघ्यांबद्दलच बोलत असेल, असं समजून एकदा ते वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहा.

तुमचं दुखणं बसण्यात आहे, पात्यात नाही. मग बसणं बदलू या आणि पातं ठेवू या.

एक जड लाकडी स्टूल घ्या, खुर्चीच्या बैठकीएवढं किंवा त्याहून किंचित बुटकं, दीड फुटाच्या आतबाहेर. रुंदीला कमी असावं, म्हणजे खुर्चीत बसल्यावर ते दोन्ही पायांच्या मधे येईल. पावशीचा पाट स्टुलाला शिकंज्यानं आवळून टाका. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, किंवा गावातला सुतार दोन बोल्ट मारून देईल. नुसती स्टुलावर ठेवून चिरायला बसू नका, हे मी दोनदा सांगते. जमिनीवर तुमचा पाय तिला दाबून धरतो. स्टुलावर तिला धरणारं कुणी नसतं, एखादं टणक कोहळं आलं की पाट उलटतो आणि पातं मांडीवर येतं. घडी होणाऱ्या स्टीलच्या पावशाही बाजारात मिळतात. काम झालं की पातं आत वळतं, हे बाळाच्या घरात फार मोलाचं आहे. पण बिजागरी ढिली असलेली घेऊ नका. दुकानातच पातं उघडून बाजूला हलवून पाहा, डुगडुगलं तर परत ठेवा.

जुनीच ठेवायची असेल, तर सायकलच्या जुन्या टायरचा वीतभर तुकडा कापून पात्यावर चढवा, सुतळीनं बांधा आणि खिळ्याला उंचावर टांगा. बाळ झोपलं असेल किंवा कुणाच्या मांडीवर असेल, तेव्हाच खाली काढायची. लोखंडी पातं धुतल्यावर लगेच कोरडं पुसायचं, पावसाळ्यात जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचं. जवसाचं तेल वाळून पातळ थर धरतं, म्हणून गंज लवकर चढत नाही. वांगी आणि कैरी लोखंडाच्या पात्यावर जास्त काळवंडतात. त्यांना स्टीलची सुरी घ्या, वांग्याच्या फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाका.

आता सुरी. "या वयात शिकू का," असं तुम्ही विचारलंत. ताई, तूर सोंगायला विळा कोण चालवतं तुमच्या शेतात? विळ्यात पीक जागेवर असतं आणि हात फिरतो. सुरीतही तसंच, भाजी पाटावर आणि हात फिरता. चाळीस वर्षं तुम्ही घरात पावशी चालवली आणि वावरात विळा. सुरी म्हणजे त्या विळ्याची धाकटी बहीण. तुम्हाला ती परकी वाटते, कारण ती सुनेच्या हातात पहिल्यांदा दिसली.

तरी एक सवय मोडावी लागेल. आपण सुरी हातात घेतली की कांदा दुसऱ्या हातात धरून अंगठ्याच्या दिशेनं कापतो, हातातल्या हातात. नागपूरला वसतिगृहात राहायला गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी असा अंगठा कापून घेतला होता. खोलीतल्या मुलीनं मग दाखवलं ते असं : पाटाखाली ओलं फडकं पसरायचं म्हणजे पाट सरकत नाही. कांदा आधी मधोमध कापून त्याची सपाट बाजू खाली ठेवायची, म्हणजे तो गडगडत नाही. डाव्या हाताच्या बोटांची टोकं आत वळवून, वाघनखासारखा पंजा करून कांदा धरायचा. सुरीचं पातं बोटांच्या पेरांना घासून खाली जातं, टोकांपर्यंत पोचतच नाही. सुरीचं टोक पाटावरच टेकलेलं आणि मूठ वरखाली. पहिले आठ दिवस हळू होईल, होऊ द्या. आणि सुरीला धार हवीच. बोथट सुरी भेद्र्याच्या (म्हणजे टोमॅटोच्या) सालीवरून घसरते आणि बोटावर येते. धारेची सुरी जिथे ठेवली तिथेच उतरते. धार लावणारा आला की सुरी आणि पावशी दोन्ही त्याच्याकडे द्या. साबणाच्या पाण्यात भांड्यांखाली सुरी कधी टाकून ठेवू नका, घासणाऱ्याला ती दिसत नाही.

जाता जाता एक. कोहळं बाईनं आधी फोडू नये, पहिला घाव पुरुषानं घालावा, असं आपल्याकडे म्हणतात. मला हे पटत नाही. घरात पुरुष माणूस नाही म्हणून कोहळं चार दिवस पडून राहिलेलं मी पाहिलंय. ते फोडायला जोर लागतो हे खरं. त्याला उपाय एवढाच की खाली गोणपाटाची चुंभळ ठेवायची, म्हणजे ते गडगडत नाही, आणि आधी देठाजवळ पातं रोवायचं.

आता लग्नातल्या ताटाकडे येते. तुम्हाला सगळ्यात जास्त तेच टोचलंय, असं मला वाटतं.

आपल्या ताटात सुरी नसते. का नसते, याचा कधी विचार केलात? आपल्याकडे कापण्याचं सगळं काम स्वयंपाकघरात संपतं. वांग्याच्या फोडी झालेल्या असतात, डाळ शिजून गळालेली असते, मटणाचे तुकडे झालेले असतात. ताटात फक्त भाकर मोडायची उरते आणि ती मोडायला बोटांहून चांगलं काही नाही. तिचा तुकडा किंचित वाकवला की तोच चमचा, त्यात पातळभाजी येते, आणि चमच्यासकट घास तोंडात जातो. युरोपात मांसाचा मोठा तुकडा तसाच ताटात वाढायची रीत पडली, म्हणून जेवणाऱ्याच्या हातात सुरी द्यावी लागली आणि तो तुकडा धरून ठेवायला काटा. कापण्याचं काम आपल्याकडे रांधणारीनं केलं, त्यांच्याकडे जेवणाऱ्यानं. पोळी काट्यानं तुटली नाही, यात तुमचा काय दोष? काटा पोळीसाठी घडलेलाच नाही. आणि पळसाच्या पत्रावळीवर कुणी काटा चालवून पाहावा. पान फाटून वरण थेट सतरंजीवर येईल.

काट्याचा इतिहास तर तुम्हाला आपल्याच घरातला वाटेल. अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलची एक मुलगी लग्न होऊन इटलीतल्या व्हेनिसला गेली. ती हातानं न खाता सोन्याच्या काट्यानं खायची. पीटर डेमियन नावाच्या धर्मगुरूंनी तिच्या या थाटावर कडक टीका लिहून ठेवली. परमुलखातून आलेली सून, तिची जेवायची वेगळी तऱ्हा आणि सासरच्यांची नाराजी! पुढे इटलीनं काटा आपलासा केला. टॉमस कोरियट नावाच्या इंग्रज प्रवाशानं इटलीत पाहिलेल्या काट्याबद्दल १६११ साली लिहिलं. मायदेशी तो काट्यानं जेवायचा म्हणून त्याचे मित्र त्याची चेष्टा करत. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या देशात काट्यानं खाणारा माणूस हसण्यावारी जात होता. फ्रान्समध्ये जेवणाच्या सुऱ्यांची टोकं बोथट करायचा हुकूम चौदाव्या लुई राजानं १६६९ मध्ये काढला, म्हणून टेबलावरची सुरी आजही गोल टोकाची असते. या रीती माणसांनीच बनवल्या आणि त्यांना वेळ लागला. हातानं जेवणं कमीपणाचं आहे, हे नागपूरच्या हॉलमध्ये तुम्हाला कुणी म्हटलं का? पत्रात तरी तसं नाही. "पाहताहेत असं वाटलं," असं तुम्ही लिहिलंय.

आणि आपल्या विदर्भात तर एक माणूस मातीच्या गाडग्यात मागून खायचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेला. ते गाडगंच त्याचं ताट, वाटी, पेला, सगळं. लोकांनी त्या भांड्यावरूनच त्याला नाव दिलं, गाडगेबाबा. त्यांच्यासमोर मोठेमोठे लोक बसायचे, पण ते गाडगं त्यांनी कधी लपवलं नाही.

सुनेचं "हातानं जेवा, काही होत नाही" तुम्हाला दया वाटली. मला ते वाचताना दुसरं दिसलं. शंभर माणसांच्या हॉलमध्ये, स्वतःच्या माहेरच्या लग्नात, आपल्या माणसांची उठबस सोडून ती मुलगी तुमच्यापाशी आली होती. तुमचं अडलेलं तिला लांबून दिसलं होतं. आणि तिनं काटा कसा धरायचा ते शिकवलं नाही, तुम्हाला तुमच्या पद्धतीनं जेवायला सांगितलं. तेव्हा ती स्वतः हातानं जेवली की काट्यानं, हे तुम्हाला आठवतं का?

तरीही कुठे गरज पडली तर अडू नये, म्हणून थोडं सांगून ठेवते. आपल्याकडच्या हॉटेलात बहुतेक काटा आणि चमचा असतो. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात. काट्यानं भात चमच्यात लोटायचा आणि चमच्यानं खायचा. पोळी, भाकरी, नान कुठेही हातानं मोडा, पंचतारांकित हॉटेलातही कुणी काही म्हणत नाही. सुरी आणि काटा असला, तर सुरी उजव्या हातात, काटा डाव्या, काट्यानं तुकडा दाबून धरायचा आणि सुरीनं कापायचं. डाव्या हातानं घास तोंडात घालायचा, हे आपल्या मनाला पटत नाही. त्यालाही वाट आहे. तुकडे आधी कापून घ्या, सुरी ताटाच्या कडेला ठेवा, काटा उजव्या हातात घ्या आणि खा. अमेरिकेत कितीतरी लोक असंच जेवतात. जेवण झालं की दोन्ही शेजारी-शेजारी ताटात ठेवले म्हणजे वाढप्याला कळतं. एवढंच. एखाद्या दुपारी घरी आलूच्या फोडींवर करून पाहा, सुनेलाच समोर बसवून.

हातानं जेवताना मात्र हात साबणानं धुवायचे, वीस सेकंद तरी, नखांच्या कडांसकट, जेवायच्या आधी. आपण जेवण झाल्यावर हात खळखळून धुतो आणि आधी नुसता पाण्याचा हात फिरवतो, तो क्रम चुकीचा आहे. हातानं जेवण्याला कुणी नाव ठेवलं तर ते या एका कारणानं बरोबर ठरू शकतं, तेवढं कारणच देऊ नका.

जावळाच्या दिवशी काटे मांडू नका. व्याही तुमच्या घरी येताहेत, हॉटेलात नाही. तुम्ही करणार त्या डाळभाजी, पोळी, कढी आणि कोहळ्याच्या बोंडांना काट्याचं काय काम? पंगत खाली बसवा, पण भिंतीकडे चार खुर्च्या आणि एक टेबल ठेवा. गुडघे तुमचेच दुखत नाहीत, विहीणबाईंचेही दुखत असतील, आणि खुर्ची मागायची लाज त्यांनाही वाटेल. टेबलावर एका पेल्यात चमचे उभे करून ठेवा. ज्याला कढी-भाताला लागेल तो घेईल. वाढताना "चमचा देऊ का" असं कुणालाच विचारू नका, विचारलं की माणूस अवघडतो. हात धुवायला साबण आणि स्वच्छ टॉवेल पंगतीच्या आधी बाहेर काढून ठेवा. नातवालाही बसवा कुणाच्या तरी मांडीवर आणि मऊ वरणभात त्याच्या बोटांनी चिवडू द्या. सांडेल, सांडू द्या.

सांबारवडी करणार असालच. नागपूरचे व्याही येणार आणि तुमच्या हातची सांबारवडी नाही, असं होणार नाही. मग सांबार खूप लागेल. तो दुपारीच धुऊन कापडावर पसरा. ओला राहिला तर सारणाला पाणी सुटतं आणि वडी तेलात फुटते. संध्याकाळी बाळ झोपलं की स्टुलावर पावशी आवळा, खुर्ची ओढा आणि बसा. सुनेला जुड्या बांधून हातात द्यायला सांगा. दोन-तीन जुड्या झाल्या की खुर्ची तिला द्या आणि तुम्ही सुरी-पाट घेऊन मिरच्यांकडे वळा. नागपूरच्या कितीतरी घरांत आजही पावशी आहे, तिच्या आईच्या घरीही असेल. तिला चिरता येतं की नाही, हे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही.